स्टेम किती लांब असावा? साताऱ्याच्या चढउतारांवर सायकल चालवणाऱ्या नवख्यांसाठी

यवतेश्वरचा घाट पहिल्यांदा चढून आलेला माणूस वर चहाला थांबला की आधी मान मागे टाकतो, मग दोन्ही हात झटकतो. "तळवे बधिर होतात ओ, काय करावं?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की उत्तर एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं. कोणी त्याला हातमोजे घ्यायला सांगतं, कोणी ग्रिप बदलायला, कोणी सीट खाली करायला. हँडल आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा दुशाखी भाग) यांना जोडणारा बोटभर लांबीचा तुकडा, म्हणजे स्टेम, त्याच्याकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. एवढ्या थोड्या खर्चात एवढा फरक पाडणारा सायकलचा दुसरा भाग मला माहीत नाही. आणि चुकीचा निवडला तर तेवढ्याच खर्चात चांगली सायकल बिघडते.

बिघडते कशी ते मी स्वतः भोगलंय. माझी सायकल जुन्या घडणीची, मूळ स्टेम ९० मिलिमीटरचा. परदेशातल्या उतारांवरचे व्हिडिओ बघून मी ३५ मिमीचा स्टेम मागवला आणि बसवला. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत फार झकास वाटलं. हँडल हलकं, वळण चटकन, बसणं ताठ. पण पहिल्याच रविवारी मुरमाच्या खड्या चढावर पुढचं चाक डावीउजवीकडे भटकायला लागलं आणि एका ठिकाणी सरळ उचललं. पाय टेकेपर्यंत सायकल आडवी झाली होती. उतरताना एका वळणावर पुढचं टायर बाहेरच्या बाजूला घसरलं आणि गुडघा सोलून निघाला. स्टेम चांगला होता. तो ज्या घडणीच्या सायकलसाठी बनला होता, ती घडणच माझ्या सायकलची नव्हती. ही एक गोष्ट नवख्यांना पटली तर त्यांचे पैसे आणि गुडघे दोन्ही वाचतील, म्हणून पुढचं सगळं सविस्तर सांगतो.

स्टेम नेमकं काय करतो

फोर्कची जी नळी फ्रेममधून वर येते तिला स्टीअरर म्हणतात. स्टेम मागच्या बाजूने या नळीला धरतो आणि पुढच्या बाजूने हँडलला. त्याची लांबी म्हणजे स्टीअररच्या मध्यापासून हँडलच्या मध्यापर्यंतचं अंतर, तेही स्टेमच्या कलाने मोजलेलं. माउंटन बाइकवर ही लांबी साधारण ३५ मिमीपासून १०० मिमीपर्यंत असते, बहुधा दहा-दहा मिलिमीटरच्या टप्प्यांत.

लांबी बदलली की दोन गोष्टी बदलतात. पहिली, तुमचं धड किती पुढे झुकतं आणि त्यामुळे पुढच्या चाकावर किती भार येतो. दुसरी, वळवताना हात कसे फिरतात. लांब स्टेमवर तळवे स्टीअररच्या बरेच पुढे असतात, त्यामुळे वळवताना ते डावीउजवीकडे सरकतात. आखूड स्टेमवर ते जागच्या जागी गोल फिरतात, गाडीच्या स्टिअरिंगसारखे. हँडलची टोकं सात ते नऊ अंश मागे वळलेली असतात, म्हणून तळवे हँडलच्या मध्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटर मागेच असतात. ४० मिमीच्या स्टेमवर ते जवळजवळ स्टीअररच्या रेषेत येतात.

इथे एक गैरसमज फार पसरलाय. स्टेम आखूड केला की वळवायला जोर कमी-जास्त लागतो असं लोक सांगतात. हिशेब करून बघा. हँडल ७४० मिमी रुंद असेल तर मध्यापासून टोकापर्यंत ३७० मिमी. स्टेम १०० चा असो की ५० चा, टोकाचं स्टीअररपासूनचं सरळ अंतर अनुक्रमे ३८३ आणि ३७३ मिमी येतं. फरक जेमतेम एक सेंटिमीटरचा. जोर ठरतो हँडलच्या रुंदीवर. स्टेमने बदलते ती हाताची दिशा आणि अंगाचा झुकाव.

आधी सीट, मग स्टेम

स्टेम विकत घ्यायच्या आधी सीट जागेवर आणा. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग पायाचा पुढचा भाग पेडलवर आला की गुडघ्यात हलका वाक राहतो. सीट पाणसळ वापरून सपाट करा. टोक खाली झुकलं असेल तर तुम्ही सारखे पुढे घसरत राहता आणि सगळा भार तळव्यांवर येतो. हात बधिर होण्याचं हे कारण स्टेमपेक्षाही जास्त वेळा सापडतं.

हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे सरकवायची सवय मी खूप जणांत बघतो. करू नका. सीट पुढेमागे करायची ती पेडल आणि गुडघ्याच्या नात्यासाठी. हातांची सोय सीटवर केली तर महिन्याभरात गुडघा बोलायला लागतो.

सीट बसली की एक आठवडा तशीच चालवा आणि वहीत लिहा. मान अवघडते का? खांदे कानाकडे चढतात का? कोपर ताठ राहतात का? उतारावर आपण पुढे पालथे पडू असं वाटतं का? या सगळ्याला हो म्हणत असाल तर स्टेम तुमच्यासाठी लांब आहे. उलट, उभं राहून पेडल मारताना गुडघे हँडलला लागतात का? खड्या चढावर चाक भटकतं का? सपाट वळणावर पुढचं टायर पकड सोडतं का? असं होत असेल तर आखूड आहे. दोन्हीकडचं थोडं थोडं जाणवत असेल तर दोष बहुतेक फ्रेमच्या मापात आहे. तो स्टेमने झाकता येतो, दुरुस्त होत नाही.

टायरमधली हवा मात्र या आठवड्यात एकच ठेवा. पुढच्या टायरमध्ये हवा जास्त असली की तेही मुरमावर घसरतं, आणि माणूस उगाच स्टेमला बोल लावतो.

घरी मोजायच्या चार गोष्टी

एक शाळेची पट्टी पुरते. स्टेमच्या वरच्या टोपीवरच्या बोल्टच्या मध्यावर शून्य ठेवा आणि स्टेमच्या कलाने पुढे हँडलच्या जाडीच्या मध्यापर्यंत मोजा. पुष्कळ स्टेमच्या खालच्या किंवा बाजूच्या अंगाला आकडा कोरलेलाच असतो, उदाहरणार्थ ८० आणि शेजारी ६ किंवा ७ अंशांचा कोन. चिखल पुसून बघा.

मग हँडल जिथे धरलंय तिथली त्याची जाडी. हल्लीच्या बहुतेक सायकलींवर ३१.८ मिमी, काही महागड्यांवर ३५ मिमी, जुन्या किंवा स्वस्त सायकलींवर २५.४ मिमी. हे तिन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. पत्रा गुंडाळून बसवून देतो असं कोणी म्हणालं तर तिथून सायकल घेऊन निघा.

तिसरं, स्टीअररची जाडी. माउंटन बाइकवर वरच्या टोकाला बहुधा २८.६ मिमी असते. मात्र तुमच्या सायकलचा स्टेम इंग्रजी सातच्या आकड्यासारखा असेल आणि फोर्कच्या नळीच्या आत उतरत असेल, तर तो जुन्या पद्धतीचा क्विल स्टेम आहे. त्याचे पर्याय वेगळे. इथे सांगतोय ते स्टेम त्यावर थेट बसत नाहीत.

चौथी गोष्ट फ्रेमची, आणि सगळ्यात महत्त्वाची तीच.

सायकलची घडण वाचा

१९९०च्या दशकातल्या माउंटन बाइक रस्त्यावरच्या सायकलींच्या वळणावर घडलेल्या होत्या. फ्रेमचा पुढचा भाग आखूड, फोर्क बराच उभा, हँडल जेमतेम ५६० ते ६०० मिमी रुंद. एवढ्या आखूड फ्रेमवर माणसाला जागा मिळावी म्हणून स्टेम लांबलचक असायचे, १०० मिमीच्याही पुढे. त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतले माउंटन बाइक बनवणारे गॅरी फिशर यांनी जेनेसिस नावाची वेगळी घडण आणली. तिच्यात फ्रेम पुढून लांबवली आणि स्टेम आखडला. पुढे २०१३च्या सुमारास स्पेनच्या मोंड्राकर कंपनीने तेच टोकाला नेलं. फ्रेम आणखी लांब आणि स्टेम फक्त १० मिमी. एवढं टोक पुढे टिकलं नाही, पण दिशा तीच राहिली. आज खडकाळ उतारांसाठी बनवलेल्या सायकलींवर ३५ ते ५० मिमीचे स्टेम दिसतात ते त्यामुळे.

यातली खरी मेख अशी, की फ्रेम जेवढी लांबली तेवढाच स्टेम आखडला. हात जवळपास होते तिथेच राहिले आणि पुढचं चाक पुढे गेलं. म्हणून उतारावर पुढे पालथं पडायची भीती कमी झाली. जुन्या फ्रेमवर नुसता स्टेम आखूड केला तर चाक जिथल्या तिथे राहतं आणि माणूसच मागे येतो. माझ्या गुडघ्याचं झालं ते याच कारणाने.

तुमच्या फोर्कचा कोन घरीच मोजता येतो. सायकल सपाट फरशीवर सरळ उभी करा, कोणाला तरी धरायला सांगा, आणि मोबाइलमधलं कोन मोजणारं अ‍ॅप उघडून मोबाइलची कड फोर्कच्या पायाला समांतर लावा. ७० अंशांच्या आसपास असेल तर घडण जुनी आणि चढाला धार्जिणी. अशा सायकलला ७० ते ९० मिमी शोभतो, फार तर ६० पर्यंत खाली या. ६७ ते ६९ असेल तर ५० ते ७०. ६६ किंवा त्याहून कमी असेल तर सायकल उतारासाठी बनलेली आहे, तिला ३५ ते ५० मिमीच हवा आणि तिच्यावर ८० चा चढवला तर ती खुळ्यासारखी वागते. हे आकडे सुरुवात करायला आहेत. हातापायांची लांबी माणसागणिक बदलते, त्यामुळे दहा मिलिमीटर इकडे-तिकडे चालायचंच.

तुमची वाट कोणती?

दुकानात हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि नवखे याचं उत्तर मनातल्या वाटेवरून देतात. महिन्यातून आठ वेळा जिथे जाता ती तुमची वाट. वर्षातून एकदा कोणाबरोबर तरी जाल ती नव्हे.

साताऱ्यातल्या बहुतेकांची वाट समर्थ मंदिराच्या चौकातून सुरू होते. यवतेश्वर, मग कास, हौस असेल तर खाली बामणोलीपर्यंत. हा सगळा डांबरी रस्ता आहे, कुठे उखडलेला, पण सायकल तासन्‌तास एकाच चालीत चढत राहते. इथे लांब स्टेमचा फायदा आहे. अंग थोडं पुढे झुकलं की पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू एकत्र काम करतात, पठारावरच्या वाऱ्यालाही तुम्ही कमी अडता. ८० किंवा ९० मिमीचा मूळ स्टेम असेल आणि दुखत नसेल तर तो बदलूच नका. दुखत असेल तर आधी लांबीला हात न लावता उंची वाढवून बघा, ते पुढे सांगतो. परतीच्या उतारात बस आणि धुकं यांच्यापुढे स्टेमचं काही चालत नाही. तिथे ब्रेक आणि पुढे लावलेला दिवा बघा.

एक कळकळीची विनंती. २०१२ साली पश्चिम घाटाच्या यादीत युनेस्कोने कासला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिथली फुलं पातळ मातीच्या थरावर उगवतात. माउंटन बाइक आहे म्हणून पठारावर सायकल घालू नका, फुलं नसतानासुद्धा नाही. चाकाने उखडलेला तो थर भरून यायला किती काळ लागेल याचा विचार करा आणि रस्त्यावरच राहा.

दुसरी वाट बोगद्यातून. सज्जनगडाचा फाटा सोडून ठोसेघर आणि वर चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार. घाट संपला की पवनचक्क्यांकडे जाणारे मुरमाचे कच्चे रस्ते लागतात. कुठे चाकोऱ्या, कुठे सुटे दगड, मध्येच छोटा पण खडा चढ. रस्ता कोणाच्या मालकीचा आहे ते विचारून जा. शहराभोवतीच्या शेतांतल्या पाणंदीही याच जातीच्या. हा मिश्र प्रकार झाला आणि नवख्याने सगळ्यात जास्त शिकावं ते इथेच. यासाठी मी ६० किंवा ७० मिमी सुचवतो. चाकोरीतून बाहेर काढायला हँडल पुरेसं चपळ राहतं आणि चढावर पुढचं चाक जमिनीला धरून राहतं.

त्या खड्या चढाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण लोक तिथेच स्टेमला जास्तीत जास्त दोष देतात. समजा चढ २० टक्क्यांचा आहे, म्हणजे १०० मीटर पुढे गेलात की २० मीटर वर. सायकल आणि माणूस मिळून वजनाचा मध्य जमिनीपासून साधारण एक मीटरवर धरा. एवढ्या चढावर तो मध्य चाकांच्या हिशेबात २० सेंटिमीटर मागे सरकतो. दोन चाकांमधलं अंतर जेमतेम ११० ते १२० सेंटिमीटर. त्यातले २० गेले तर पुढच्या चाकावर काय उरणार? आता स्टेम ३० मिमीने वाढवला तर तुमचं धड पुढे जाईल ते फार तर एक-दोन सेंटिमीटर. तेवढ्यात तुम्ही सीटच्या टोकावर सरकलात, कोपर वाकवून छाती खाली आणलीत, तर याच्या कितीतरी पट भार पुढे जातो. म्हणून चढावर चाक उचलत असेल तर आधी महिनाभर हे शिका. स्टेम मदत करतो, काम तुमच्या कंबरेने करायचं असतं. उतारावर हेच उलट. पेडल आडवे ठेवून उभे राहा, कंबर मागे आणि खाली, कोपर बाहेर.

तिसरा प्रकार निव्वळ दगडी उतारांचा. डोंगराच्या सोंडेवरून उतरणाऱ्या पायवाटा, सुटा मुरूम, जांभ्याचे कातळ, मध्ये हातभर उंचीची पायरी. इथे ३५ ते ५० मिमी, पण अट तीच, फ्रेम लांब आणि फोर्क तिरका असला पाहिजे. जुन्या हार्डटेलवर, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलवर, असे उतार उतरायचेच असतील तर स्टेम ६० पर्यंत आणा, हँडल थोडं रुंद घ्या आणि सीट खाली करून उतरा. सीट खाली करण्याने मिळणारा विश्वास स्टेमच्या दुप्पट आहे, आणि त्याला खर्च शून्य. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्यावर जाऊ नका. कोणत्याही मापाचा स्टेम तिथे सावरत नाही.

हँडलच्या रुंदीचा उल्लेख आला म्हणून: हँडल रुंद केलं की हात फाकतात आणि छाती आपोआप पुढे ओढली जाते. साधारण २० मिमी रुंदी वाढवली की स्टेम १० मिमीने कमी करावा असा ठोकताळा आहे. दोन्ही एकाच दिवशी बदलू नका. कोणत्या बदलाने काय झालं ते कळतच नाही.

विकत घेताना

एका वेळी २० मिमीपेक्षा जास्त फरक करू नका. ९० चा असेल तर ७० घ्या, चालवा, मग ठरवा. अ‍ॅल्युमिनियमचा साधा, चार बोल्टची पुढची पट्टी असलेला स्टेम नवख्याला पुरतो. कार्बनच्या मागे लागू नका. ओळखीच्या कोणाकडे जुना पडून असेल तर आधी उसना आणून बघा, हा सगळ्यात शहाणपणाचा मार्ग. फक्त तडा, पिळलेला बोल्ट किंवा पडल्याचा खोल ओरखडा असलेला जुना स्टेम कोणी फुकट दिला तरी घेऊ नका.

बसवताना

हे काम घरी होतं. ४ आणि ५ मिमीची एलन की, थोडं ग्रीस, एक फडकं. जमलं तर टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना.

सायकल भिंतीला टेकवा. हँडल धरणारे पुढच्या पट्टीचे चार बोल्ट काढा आणि हँडल फडक्यात गुंडाळून बाजूला लोंबकळू द्या. केबल ताणल्या जाणार नाहीत एवढं बघा. मग स्टीअररला धरणारे मागचे दोन बोल्ट ढिले करा, वरच्या टोपीचा बोल्ट काढा आणि स्टेम वर खेचून काढा. या क्षणापासून पुढचं चाक जमिनीवरच राहू द्या. सायकल उचललीत तर फोर्क खाली निसटतो आणि हेडसेटचे, म्हणजे फोर्क ज्यावर फिरतो त्या बेअरिंगच्या जोडणीचे, छर्रे आणि रिंगा फरशीवर घरंगळतात.

स्टेमच्या खाली गोल चकत्या असतात, त्या स्पेसर. हँडल उंच हवं असेल तर त्या स्टेमखाली, खाली हवं असेल तर काही वर. फोर्क तिरका असल्यामुळे १० मिमीचा स्पेसर स्टेमखाली टाकला की हँडल साधारण ९ मिमी वर आणि ३ ते ४ मिमी मागे येतं. म्हणजे थोडी लांबी तशीच कमी होते, पैसे न घालता. मघाशी सांगतो म्हणालो ती उंचीची युक्ती हीच. स्टेम उलटा करूनही हाच खेळ खेळता येतो. सहा अंश वर बघणारा स्टेम उलटला की सहा अंश खाली बघतो. ८० मिमीच्या स्टेमवर उंचीत दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडतो.

स्टेम आणि स्पेसर चढवल्यावर स्टीअररचं टोक सगळ्यात वरच्या कडेपासून तीनेक मिलिमीटर खाली राहिलं पाहिजे. बरोबरीने किंवा वर आलं तर टोपी दाब देऊ शकत नाही, वर एक स्पेसर वाढवा.

आता टोपी. माझ्या भाच्याचा एकदा मेढ्याहून फोन आला. "मामा, वरचा बोल्ट पिळून पिळून हात दुखला, तरी हँडल एकीकडं आणि चाक दुसरीकडं बघतंय." म्हटलं, "आरं, तो बोल्ट हँडल धरायला न्हाईच. सोड तो आधी." वरच्या टोपीचा बोल्ट फक्त हेडसेटच्या बेअरिंगवर हलका दाब देतो. स्टेमला धरून ठेवतात ते मागचे दोन बोल्ट. म्हणून क्रम असा: मागचे बोल्ट ढिले असतानाच टोपी हलकी आवळा, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा आणि दुसऱ्या हाताची बोटं हेडसेटवर ठेवा. खट खट लागत असेल तर टोपी थोडी आणखी. मग पुढचं चाक जमिनीवरून उचलून मोकळं धरा, ते स्वतःच्या वजनाने सहज एका बाजूला वळलं पाहिजे. अडखळत असेल तर टोपी जास्त आवळली गेलीय. हे जमलं की स्टेम चाकाच्या रेषेत आणा. वरून बघताना एक डोळा मिटा आणि हँडल पुढच्या चाकाच्या धुऱ्याला समांतर दिसतंय का ते बघा. मगच मागचे दोन बोल्ट आवळा, एकदा हा, एकदा तो, थोडं थोडं.

किती आवळायचं ते स्टेमवरच लिहिलेलं असतं, बहुधा ५ न्यूटन मीटरच्या आसपास. टॉर्क रेंच नसेल तर अंदाज असा: एलन कीवर बोल्टपासून १० सेंटिमीटरवर धरून पाच किलोच्या पिशवीइतका जोर दिला की साधारण ५ न्यूटन मीटर होतात. बहुतेकांना वाटतं त्याहून हे खूप कमी आहे. लांब पाइप लावून आवळणाऱ्याच्या हातात स्टेम देऊ नका. फोर्कची नळी कार्बनची असेल तर अंदाजाने काम करूच नका, रेंच असलेल्या मिस्त्रीकडे जा.

पुढची पट्टी लावताना चारही बोल्टांच्या सुतांवर ग्रीसचा एक थेंब. आवळायचं तिरप्या क्रमाने, वरचा डावा, खालचा उजवा, वरचा उजवा, खालचा डावा, प्रत्येकी पाव फेरा. दर फेऱ्याला डोळे स्टेमच्या पातळीला आणून वरची आणि खालची फट बघा. दोन्ही सारख्या दिसल्या पाहिजेत. एक मिटलेली आणि दुसरी उघडी राहिली तर सगळा ताण दोन बोल्टांवर येतो आणि हँडलही चिमटलं जातं. काही स्टेमवर वरचे बोल्ट आधी पूर्ण मिटवा असं छापलेलं असतं. तिथे ते पाळा, माझं नको.

शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. एखादी केबल ताणली जाते का? स्टेम लांब किंवा उंच केला असेल तर हमखास जाते. आखूड केला असेल तर केबल सैल पडून चाकाला घासत नाही ना ते बघा. मग चाक दोन्ही मांड्यांत धरून हँडल जोरात फिरवून बघा. स्टेम सरकला तर मागचे बोल्ट कमी आवळलेत. हे अंगणात कळलेलं बरं.

चालवून बघा

एकच छोटा फेरा ठरवा, दोन-तीन किलोमीटरचा. त्यात एक खडा चढ, एक उतार आणि निदान एक सुट्या खडीचं वळण हवं. जुन्या स्टेमवर हा फेरा दोनदा केलेला असला पाहिजे, नाहीतर तुलना कशाशी करणार? नव्यावर पहिल्या दिवशी सगळंच विचित्र वाटतं. आखूड केला असेल तर सायकल चळवळी वाटते, लांब केला असेल तर जड. त्यावरून मत बनवू नका, चार-पाच फेऱ्यांनी हात स्थिरावतात. मग वही काढा आणि आधीच्या नोंदी वाचा. मान कशी आहे, खांदे कुठे आहेत, त्याच वळणावर टायर काय करतंय. चढावर चाक आधीपेक्षा जास्त भटकत असेल आणि दोन आठवड्यांनंतरही भटकत असेल, तर तुम्ही दहा मिलिमीटर जास्त काढलेत. एक स्पेसर स्टेमच्या खालून वर घ्या, हँडल खाली येईल आणि भार थोडा पुढे जाईल. तेवढ्याने भागलं नाही तरच दुसरा स्टेम.

माझ्या सायकलवर शेवटी ७० मिमी राहिला, खाली एक १० मिमीचा स्पेसर. शोधायला चार महिने आणि तीन स्टेम लागले. तुम्हाला एकात जमायला हरकत नाही.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा, नवीन जोडणी थोडी बसते. काढलेला स्टेम त्याच्याच बोल्टांसकट एका पिशवीत घाला, चिठ्ठीवर लांबी, कोन आणि हँडलची जाडी लिहा, आणि ठेवून द्या. पुढच्या रविवारी यवतेश्वरवर हात झटकत उभा असलेला कोणीतरी भेटेलच, त्याला महिनाभर वापरून बघायला द्या.